लघवीची जळजळ : काढा, अँटिबायोटिक आणि आठ तासांची शिफ्ट



मार्च उजाडला की माझ्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येते. "डॉक्टर, उन्हाळी लागलीय, एखादं सिरप लिहून द्या ना." बोलणारी बहुधा स्त्री असते, वय वीस ते पस्तीस, आणि भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत शिफ्टला जाणारी. सिरप लिहून द्यायला अर्धा मिनिट लागतो. पण या अर्ध्या मिनिटात बऱ्याच गोष्टी राहून जातात. त्या आज सविस्तर सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात चोवीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. चाकणजवळच्या एका कारखान्यात लाइनवर उभ्याने काम. नऊ दिवसांपासून लघवीला जळजळ होती. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोखरू आणि पुनर्नवाच्या काढ्याची कृती आली होती, ती तिने मनापासून केली. पहिले तीन दिवस बरे वाटले. मग पुन्हा जळजळ सुरू झाली. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाठीत उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली ठणका सुरू झाला, उलट्या होऊ लागल्या. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. तिला दवाखान्यात पाच दिवस ठेवून शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागले.

बरी झाल्यावर तिने विचारले, "काढा घेतला म्हणून असं झालं का?"

मी म्हणालो, "नाही. काढ्याने काही बिघडवलं नाही. पण ताप येईपर्यंत थांबलीस, तिथे चुकलं."

मग मी तिला विचारले, "दिवसभरात पाणी किती पितेस?" ती ओशाळून हसली. "सर, शिफ्टमध्ये पाणी पीतच नाही. लाइन सोडून जायचं तर रिलीव्हर लागतो. तो येईपर्यंत दोन-दोन तास जातात. त्यापेक्षा न पिलेलं बरं."

तिच्या आजाराचे मूळ या उत्तरात होते. आयुर्वेद की ॲलोपॅथी हा वाद आपण तावातावाने घालतो. माझ्या मते लघवीच्या संसर्गात हा वाद दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिले प्रश्न दोन : संसर्ग नेमका कुठे आहे, आणि तो पुन्हा पुन्हा का होतो?

संसर्ग म्हणजे नेमके काय होते?

मूत्रपिंडात लघवी तयार होते, दोन नळ्यांमधून मूत्राशयात उतरते आणि मूत्रमार्गातून बाहेर पडते. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू तिथे निरुपद्रवी असतो. तोच जंतू मूत्रमार्गातून वर चढला की त्रास देतो. साध्या संसर्गांपैकी बहुसंख्य याच जंतूमुळे होतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटर लांबीचा, पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट. शिवाय स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचे तोंड गुदद्वाराच्या जवळ असते. म्हणून हा आजार बायकांना जास्त होतो. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि "अस्वच्छता" हे त्याचे एकमेव कारणही नाही.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, थेंब थेंब होते, ओटीपोटात दुखते, कधी लघवी गढूळ किंवा लालसर दिसते. ताप सहसा नसतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला की थंडी-ताप, पाठीच्या एका बाजूला दुखणे, मळमळ आणि उलट्या ही लक्षणे येतात. पहिला आजार त्रासदायक असतो, दुसरा धोकादायक. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय या एका फरकावर अवलंबून आहे.

प्रत्येक जळजळ म्हणजे संसर्ग नव्हे

"उन्हाळी" हा आपल्याकडचा जुना, नेमका शब्द आहे. उन्हातान्हात काम केले, घाम भरपूर गेला, पाणी कमी प्यायले की लघवी घट्ट आणि गडद पिवळी होते, आणि होताना चुरचुरते. यात जंतू नसतात. फाउंड्रीत, पेंट शॉपच्या ओव्हनजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या पुरुषांनाही हा त्रास होतो. पाणी, ताक, सरबत पोटात गेले की दिवसभरात तो कमी होतो. उन्हाळी आणि संसर्ग यांची गल्लत इथूनच सुरू होते, कारण सुरुवातीला दोन्हींची जळजळ सारखीच वाटते.

मुतखडा, योनिमार्गातील बुरशी, लैंगिक संबंधातून होणारे आजार आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटची सूज यांतही जळजळ होते. मधुमेहींना एक खास सूचना. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आता बरेच जण घेतात. औषध चांगले आहे, पण त्यामुळे जननेंद्रियांना बुरशीची खाज आणि जळजळ होऊ शकते. अशा वेळी अँटिबायोटिक घेतले तर बुरशी आणखी वाढते. तेव्हा कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

उलटही घडते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत लघवीच्या रिपोर्टवर "पस सेल्स 8 ते 10" असे येते आणि माणूस घाबरून धावत येतो. त्रास काहीच नसतो. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण सोडले, तर लक्षणे नसताना लघवीत जंतू सापडले म्हणून अँटिबायोटिक घेण्याची गरज नसते. आपण उपचार माणसाचा करायचा असतो, कागदाचा नाही.

आयुर्वेद काय सांगतो?

मी एमबीबीएस, एमडी आहे, वैद्य नाही. पण माझे निम्मे रुग्ण आयुर्वेदिक औषध घेऊन येतात, म्हणून त्याबद्दल वाचणे मला भाग पडले. त्यातून आयुर्वेदाविषयी माझा आदर वाढला आणि त्याच्या नावाने होणाऱ्या जाहिरातींविषयीचा कमी झाला.

लघवी कष्टाने, वेदनेने होणे याला आयुर्वेदात "मूत्रकृच्छ्र" म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील "त्रिमर्मीय" अध्यायात त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्रिमर्मीय का? कारण हृदय आणि मस्तक यांच्या बरोबरीने बस्ती, म्हणजे मूत्राशयाचा प्रदेश, हे तिसरे मर्म मानले आहे. इथे दुखणे आले तर हयगय करू नये, हे त्या नावातच आहे. आठ प्रकारांत दोषांचे प्रकार वेगळे, मुतखड्याचा वेगळा, रक्तामुळे होणारा वेगळा. म्हणजे चरकांनाही "जळजळ आली की हा एक काढा" हे मान्य नव्हते. व्हॉट्सॲपवरचा काढा मात्र सगळ्यांना एकच असतो.

नेहमी दिली जाणारी औषधे तुमच्या ओळखीची आहेत. गोखरू म्हणजे आपला सराटा, रानातून अनवाणी चालताना पायात रुततो तो. पुनर्नवा म्हणजे घेटुळी, पावसाळ्यात मोकळ्या जागेत उगवते. वरुण, पाषाणभेद, वाळा, चंदन, आणि दर्भ, कुश, काश, ऊस अशा गवतांची मुळे. तयार औषधांत चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादी गुग्गुळ, चंदनासव, उशीरासव. यातील बऱ्याच वनस्पती मूत्रल मानल्या जातात, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या. काही शामक आहेत. धन्याचे पाणी, वाळ्याचे सरबत आणि नारळपाणी आपल्या आज्याही देत होत्या. त्याने चुरचुर कमी होते, यात मला शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. जंतू मरतात का?

मग काढ्याने बरे का वाटते?

याचे उत्तर अनेकांना माहीत नसते. मूत्राशयाचा साधा संसर्ग बऱ्याचदा आपोआपही बरा होतो. जर्मनीत तरुण, निरोगी स्त्रियांवर एक अभ्यास झाला. तो 2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एका गटाला अँटिबायोटिक दिले, दुसऱ्याला फक्त आयबुप्रोफेन, म्हणजे वेदनाशामक. वेदनाशामक घेणाऱ्या गटातील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना नंतरच्या महिनाभरात अँटिबायोटिक घ्यावेच लागले नाही. जंतू शरीरानेच हटवले.

म्हणजे दहा जणींनी काढा घेतला तर त्यातल्या सहा-सात जणी बऱ्या होतील आणि काढ्याचे गुण गातील. त्या खोटे बोलत नसतात. पण श्रेय काढ्याचे किती, भरपूर पाण्याचे किती आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचे किती, हे त्या अनुभवावरून कळत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा संसर्ग वेदनाशामकाच्या गटात पाच जणींना झाला, अँटिबायोटिकच्या गटात एकीला. आकडे लहान आहेत, पण माझ्या चाकणच्या रुग्णासारख्या मुली त्या पाचांत असतात. आणि आपण कोणत्या गटात जाणार, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

वनौषधींची नीट परीक्षा घेताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांना आणखी एक उदाहरण देतो. रोझमेरी आणि आणखी दोन युरोपीय वनस्पतींपासून केलेल्या एका औषधाची 659 स्त्रियांवर अँटिबायोटिकच्या बरोबरीने चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. वनौषधी घेणाऱ्या सुमारे 84 टक्के स्त्रियांना वेगळे अँटिबायोटिक लागले नाही. अँटिबायोटिकच्या गटात पुन्हा औषध न लागणाऱ्या सुमारे 90 टक्के होत्या. या सगळ्या ताप नसलेल्या, साध्या संसर्गाच्या रुग्ण होत्या. म्हणजे कसोटी लावता येते, आणि त्यातून वापराच्या मर्यादाही कळतात. आपल्या गोखरू-पुनर्नव्यालाही अशीच मोठी, प्रामाणिक कसोटी लागली पाहिजे. "पाच हजार वर्षांची परंपरा" असे बाटलीवर छापणे सोपे असते, पण त्याने रुग्णाला काही कळत नाही.

आता आमची चूक

एवढे वाचून वैद्य मंडळी म्हणतील, "आणि तुम्ही डॉक्टर लोक काय करता?" प्रश्न रास्त आहे.

आपली पिंपरी ही भारतातील अँटिबायोटिकची जन्मभूमीच म्हणायला हवी. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपल्या बोलण्यातली "एचए कंपनी", 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने इथे स्थापन झाली. 1955 पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशातून आणावे लागणारे औषध गरिबाच्या आवाक्यात आले. ज्या औषधासाठी एका पिढीने एवढा खटाटोप केला, ते पुढच्या दोन पिढ्यांनी चण्या-फुटाण्यासारखे वापरले.

नव्वदच्या दशकात मी शिकत होतो, तेव्हा लघवीची जळजळ म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन हे समीकरण होते. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, ओफ्लॉक्सासिन आले. तपासणी न करता आम्ही ती लिहिली. मीही लिहिली. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय चार गोळ्या मिळत राहिल्या. आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या कित्येक डॉक्टरांनीही आपल्या शास्त्राची औषधे बाजूला ठेवून हीच लिहिली. परिणाम असा, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वार्षिक अहवालांत मोठ्या रुग्णालयांतून आलेल्या ई. कोलाय जंतूंपैकी बहुसंख्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही असे दिसते. त्या मानाने नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर अजून चांगली चालतात. तीही आपण उधळली, तर पुढे हातात फारसे काही उरणार नाही.

म्हणून आमच्या बाजूच्या रुग्णांसाठी चार गोष्टी :

– अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. 2016 साली केंद्र सरकारने तिच्याविषयी मोहीम काढली होती. ती रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि शेजारणीची उरलेली तर मुळीच नको.

– त्रास वारंवार होत असेल, ताप असेल, मधुमेह असेल, गर्भारपण असेल किंवा रुग्ण पुरुष असेल, तर औषधाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचे कल्चर करा. आधी जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या आणि मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या. डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते.

– सांगितले तितके दिवस औषध घ्या. साध्या संसर्गाला आता बहुधा तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो, फॉस्फोमायसिनची तर एकच पुडी असते. एका दिवसात बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नका, आणि भीतीपोटी स्वतःहून लांबवूही नका.

– लघवीची आम्लता कमी करणारे गोड सिरप जळजळ कमी करते, जंतू मारत नाही. उलट नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगले काम करते. दोन्ही एकत्र घेण्याआधी विचारा. "डॉक्टर, सिरप द्या" या मागणीला मी चटकन हो का म्हणत नाही, ते आता कळले असेल.

काढा कधी चालेल, कधी नाही?

तुम्हाला माझ्याकडून सरळ उत्तर हवे असेल. हे माझे मत आहे आणि माझ्या ओपीडीत मी तेच पाळतो.

वय तरुण आहे, गर्भारपण नाही, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही, ताप नाही, पाठीत दुखत नाही, त्रास कालच सुरू झाला आहे, अशा वेळी एखादीला नोंदणीकृत वैद्यांकडून औषध घ्यायचे असेल तर माझी हरकत नसते. अट एकच : 48 तासांत स्पष्ट उतार पडला नाही तर तपासणी करायची. नऊ दिवस नाही, दोन दिवस. आणि ताप आला तर दोन दिवसही नाही, त्याच दिवशी.

खालील व्यक्तींनी मात्र केवळ काढ्यावर एक दिवसही काढू नये :

– गर्भवती स्त्रिया. गर्भारपणात संसर्ग मूत्रपिंडात लवकर चढतो आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो.

– लहान मुले आणि पुरुष. त्यांच्या संसर्गामागे अनेकदा दुसरे कारण दडलेले असते.

– मधुमेही, मुतखड्याचे रुग्ण, नळी घातलेले रुग्ण, किडनी ट्रान्स्प्लांट झालेले रुग्ण.

– घरातील वृद्ध. त्यांच्यात जळजळीची तक्रार नसतानाही एकाएकी असंबद्ध बोलणे, गुंगी, थंडी वाजणे अशी लक्षणे दिसू शकतात.

– ज्यांना ताप, थंडी, पाठदुखी, उलट्या, लघवीत रक्त किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही आहे ते सगळे.

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्यही तपासून घ्या. आसव आणि अरिष्ट यांत गूळ किंवा साखर असते, आणि किण्वनातून तयार झालेले थोडे मद्यही. मधुमेहींनी ते ध्यानात ठेवावे. चंद्रप्रभा वटीच्या पाठात वनस्पतींबरोबर लोहभस्म, क्षार आणि लवणेही आहेत. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल तर अशी औषधे महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांचा एक अभ्यास 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे एक पंचमांश नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. लेबल नसलेली पुडी आणि कुरिअरने आलेली "रामबाण" बाटली यांपासून दूर राहा. न्यायाने बोलायचे तर आमच्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला कमी इजा करत नाहीत. नियम दोघांनाही सारखाच : कुणी दिले, किती दिवस, आणि कशासाठी, हे माहीत असल्याशिवाय घेऊ नका. आणि काय काय घेता ते माझ्यापासून लपवू नका. मी रागावणार नाही.

निगडीत माझे एक वैद्य मित्र आहेत. ताप असलेला रुग्ण ते एक तास ठेवून घेत नाहीत, थेट माझ्याकडे पाठवतात. संसर्ग बरा झाल्यावर आहार, बद्धकोष्ठ आणि दिनचर्या सुधारायला मी काही रुग्ण त्यांच्याकडे पाठवतो. आमचा वाद होत नाही, कारण कुठे थांबायचे ते दोघांनाही ठाऊक आहे.

ग्रंथातले सगळ्यात मोलाचे औषध

लघवीच्या संसर्गावरचा आयुर्वेदाचा सर्वांत मोलाचा सल्ला मला चिकित्सास्थानात सापडला नाही, तो सूत्रस्थानात सापडला. तिथल्या सातव्या अध्यायाचे नावच "नवेगान्धारणीय" असे आहे. निसर्गाने दिलेले वेग अडवू नयेत, असा त्याचा विषय. असे तेरा वेग तिथे सांगितले आहेत आणि त्यांत लघवीचा आहे. तो अडवल्याने ओटीपोटात वेदना होतात, लघवी कष्टाने होते, हे चरकांनी स्पष्ट नोंदवले आहे.

आधुनिक वैद्यकही तेच सांगते. जंतू अधूनमधून मूत्रमार्गात शिरत असतातच, आणि भरपूर लघवीची धार त्यांना धुऊन काढते. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास अडवलेली, म्हणजे जंतूंना वाढायला वेळ आणि जागा दोन्ही मिळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 140 स्त्रिया होत्या. सगळ्यांना वारंवार संसर्ग होत असे आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेत. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. साध्या पाण्याने त्रास जवळजवळ निम्मा झाला. हे औषध दोन्ही शास्त्रांना मान्य आहे आणि कोणत्याही मेडिकलमध्ये विकत घ्यावे लागत नाही.

पण ते घ्यायचे कसे? "भरपूर पाणी प्या" असे मी लाइनवरच्या मुलीला सांगतो, तेव्हा तिच्या दिवसाकडे बघून सांगायला हवे. पहिल्या शिफ्टसाठी पहाटे घर सोडायचे. कंपनीच्या बसने तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीतून तासभर. मग आठ तास उभे. दोन चहाच्या सुट्ट्या, दहा-दहा मिनिटांच्या, आणि टॉयलेट शेडच्या दुसऱ्या टोकाला, तिथे रांग. मग परतीची बस. मासिक पाळीचे दिवस असतील तर विचारूच नका. अशा दिवसात पाणी न पिण्याचा तिचा निर्णय मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. आहे त्या परिस्थितीत तिने काढलेली ती वाट आहे, फक्त तिची किंमत तिचे मूत्रपिंड चुकवते.

कारखान्यात पिण्याचे पाणी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, ही तरतूद आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमापासून आहे. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणीही द्यायचे, असे त्यात होते. बहुतेक कंपन्यांत टॉयलेट आहेत, चकाचक आहेत. अडचण वेगळी आहे. तिथे जाण्याची मोकळीक नाही. रिलीव्हर एक आणि लाइनवर माणसे तीस, हे गणित बांधकामाने सुटत नाही.

रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांसाठी महाराष्ट्रातील बायका लढल्या आहेत. मुंबईत 2011 पासून "राइट टू पी" चळवळ चालली. पुण्याच्या "मिळून साऱ्याजणी" मासिकाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याबाबत आदेश दिले. कारखान्याच्या आतल्या लाइनवर मात्र हा विषय अजून कुजबुजीतच आहे, कारण तो पुरुष सुपरवायझरकडे काढायचा कसा, हा संकोच.

काय करता येईल?

शिफ्टला जाणाऱ्या मैत्रिणींनो, बसमध्ये चढण्याआधी आणि घरी पोहोचताच लघवीला जाऊन या. शिफ्टमध्ये पाण्याची बाटली जवळ ठेवा. एकदम लिटरभर न पिता थोडे थोडे प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी पुरेसे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शारीरिक संबंधानंतर लघवीला जाऊन या. शौचानंतर पुढून मागे धुवा. योनिमार्ग साबणाने किंवा सुगंधी वॉशने धुऊ नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर तात्पुरता इलाज करत बसू नका. कल्चर आणि सोनोग्राफी करून मूळ शोधा. ईएसआयचे कार्ड असेल तर चिंचवडचे ईएसआय रुग्णालय किंवा तुमच्या भागातला ईएसआयचा दवाखाना तुमच्या हक्काचा आहे.

घरच्यांनो, सुनेला किंवा मुलीला वारंवार त्रास होतो म्हणून तिच्या स्वच्छतेवर बोट ठेवण्याआधी ती दिवसातून किती वेळा लघवीला जाऊ शकते, एवढे विचारा.

आणि हे वाचणारे कोणी सुपरवायझर किंवा एचआरचे असतील, तर तुम्हालाही एक विनंती. दर दोन-तीन तासांनी प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील असा रिलीव्हरचा फेरा आधीच ठरवून फळ्यावर लावा. म्हणजे कुणाला तोंड उघडून मागावे लागणार नाही. मूत्रपिंडाच्या संसर्गाने एक कामगार आठ दिवस घरी बसली तर उत्पादनाचे किती मिनिटे जातात, ते गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येते.

त्या चोवीस वर्षांच्या मुलीला घरी सोडताना मी औषधांच्या खाली एक ओळ लिहिली : "दर दोन तासांनी पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास परवानगी द्यावी." खाली सही आणि शिक्का. तिने ती चिठ्ठी कंपनीत दाखवली. सुपरवायझरने वाचली आणि मान्य केली. पुढच्या महिन्यात तिच्या लाइनवरच्या आणखी तिघी माझ्याकडे आल्या. तिघींनाही काही होत नव्हते. त्यांना फक्त तशी चिठ्ठी हवी होती.

मी दिली. पण लघवीला जायला डॉक्टरची सही लागावी, हे मला आजही पटलेले नाही.

काळजी घ्या. पाणी प्या. आणि ताप आला तर वाट पाहू नका.